लहान होडीतील सुरक्षा साधने (बेळगाव सीमाभाग)

लहान होडीतून नदी, जलाशय किंवा समुद्रात जाताना अंगावर आणि नावेत बाळगायची जीवरक्षक साधने. सीमाभागात चिकोडी, रायबाग, अथणी तालुक्यांतून वाहणारी कृष्णा, घटप्रभेवरचे हिडकल धरण, सौंदत्तीजवळचा मलप्रभेचा जलाशय आणि कारवारचा किनारा अशी पाण्याची तऱ्हा ठिकाणागणिक बदलते. त्याप्रमाणे साधनेही बदलावी लागतात.

कृष्णाकाठी पुराच्या वेळी गूळ करायची काहीलही नाव म्हणून पाण्यात उतरते. तिला सुकाणू नाही, काठ उथळ. माणसे एका बाजूला सरली की पाणी आत येते. पूर्वी पोहायला शिकणारी मुले पाठीला सुकलेले भोपळे बांधत. आज ते काम लाइफ जॅकेट करते, आणि सगळ्या साधनांत पहिला मान त्याचाच. मात्र ते होडीत बसण्यापूर्वी घालायला हवे. बूड भरलेल्या होडीत गठ्ठ्यातले जॅकेट शोधून बंद आवळायला सवड मिळत नाही. बंद ढिले असले तर पाण्यात पडताच जॅकेट कानांपर्यंत वर सरकते आणि तोंड पाण्याखाली जाते. म्हणून लहान मुलांच्या जॅकेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असावाच. मोठ्यांचे जॅकेट मुलाला घालणे धोक्याचे. 21 जानेवारी 2019 रोजी कारवारजवळ कूर्मगड बेटावरच्या जत्रेहून परतणारी होडी उलटून अनेक भाविक बुडाले. किनारा फार लांब नव्हता.

संकट-बीकन हे हाक पोहोचवणारे यंत्र आहे, तरंगवणारे नव्हे. ते 406 मेगाहर्ट्झवर कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांना संदेश देते. भारतातील त्याचे नियंत्रण केंद्र बेंगळुरूला, इस्रोच्या इस्ट्रॅक या उपग्रह-संपर्क केंद्रात आहे. होडीवरचे बीकन किमान 48 तास, अंगावर बाळगायचे किमान 24 तास चालते. जुन्या 121.5 मेगाहर्ट्झच्या संकेतांवर उपग्रह 2009 पासून लक्ष ठेवत नाहीत, तेव्हा नुसते तसले यंत्र स्वस्तात मिळाले तरी घेऊ नये. बीकनची नोंदणी केलेली असली की होडी कोणाची, घरच्यांना कुठे विचारायचे, हे केंद्राला लगेच कळते.

कारवारहून खोल समुद्रात जाणाऱ्याने बीकन घ्यावेच. तिथे तटरक्षक दलाचा 1554 हा क्रमांकही आहे. कृष्णेच्या उतारावर, म्हणजे नदी ओलांडायच्या जागी, दोन्ही काठ दिसत असताना जॅकेटला बांधलेली शिट्टी, काठावरून फेकायचा दोर आणि प्लास्टिकच्या बंद पिशवीतल्या फोनवरून 112 हीच मदत आधी पोहोचते. बीकन तपासायचे ते चाचणीच्या बटणानेच. खरा संकेत सुटला तर शोधपथक बाहेर पडते.