रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी

माझ्या टेबलावर एक जुना वॉटर पंप, म्हणजे इंजिनात पाणी फिरवणारा पंप आहे, कागदांवर वजन म्हणून ठेवलेला. आमच्या जुन्या डिझेल गाडीतून निघालेला. मधे पत्र्याची चकती, तिच्यावर सहा पाती असायला हवीत. चारच उरली आहेत, आणि त्यांच्याही कडा उंदराने बिस्कीट कुरतडावं तशा झाल्या आहेत. बोट फिरवलं की अजूनही गंज हाताला लागतो. दोन-अडीच वर्षं त्या गाडीच्या रेडिएटरमध्ये मीच घरच्या बोअरचं पाणी घालत होतो. मे महिन्यात कन्नडच्या घाटात तापमानाचा काटा लाल पट्ट्यात शिरला आणि हेड गॅस्केट (इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधली पट्टी) गेलं, तेव्हा हा पंप बाहेर आला.

"आपल्याकडे कुठे बर्फ पडतो? मग कूलंट कशाला, पाणी चालतंय की," हे वाक्य मी त्याआधी किती वेळा ऐकलं होतं, आणि मला ते पटतही होतं. त्यात अर्धं खरं आहे. उष्णता वाहून नेण्यात पाण्याचा हात कोणी धरू शकत नाही. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला सुमारे ४.२ किलोज्यूल ऊर्जा लागते. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव) अशा मिश्रणाला साधारण ३.४. म्हणजे कूलंट मिसळल्यावर पाण्याची उष्णता उचलायची ताकद कमीच होते.

मग ते घालायचं कशासाठी? पहिलं कारण उकळबिंदूचं. इंधनातल्या ऊर्जेचा ढोबळमानाने तिसरा हिस्साच चाकांकडे जातो, तिसरा सायलेन्सरमधून निघून जातो आणि उरलेला कूलंटला उचलावा लागतो. सिलिंडर हेडमध्ये काही जागा इतक्या तापतात की तिथे साधं पाणी उकळून वाफेचा पडदा तयार होतो, आणि वाफ उष्णता फारशी उचलत नाही. निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उकळबिंदू १०६ ते १०८ अंश सेल्सिअस असतो. रेडिएटरचं झाकण आत सुमारे एक बार जादा दाब धरून ठेवतं, त्यामुळे तो १२९ अंशांच्या आसपास जातो. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर गाडी चढते तेव्हा हीच वीस-तीस अंशांची सवलत कामाला येते.

म्हणून नुसतं ग्लायकॉल ओतावं, असंही नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनात सुरुवातीला निव्वळ ग्लायकॉल वापरत. पुढे ते बदलून ३० टक्के ग्लायकॉल, ७० टक्के पाणी आणि वर दाब, अशी व्यवस्था आली. थंडीचंही तसंच: निव्वळ ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपास गोठतं, निम्मं-निम्मं मिश्रण मात्र उणे ३७ पर्यंत टिकतं.

पण माझ्या पंपाची पाती खाल्ली गेली ती उकळण्यामुळे नव्हे, गंजामुळे, आणि कूलंट घालण्याचं मला सगळ्यात मोठं वाटणारं कारण तेच आहे. इंजिनात बीडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, जुन्या रेडिएटरमध्ये तांबं-पितळ, असे वेगवेगळे धातू एकाच पाण्यात बुडालेले असतात. क्षारांचं पाणी आणि दोन धातू म्हटले की बॅटरीच झाली. कमजोर धातू विरघळत जातो. हे थांबवणारी रसायनं कूलंटमध्ये थोडीच असतात, पण खरी राखण तीच करतात. जुन्या पद्धतीच्या कूलंटमधले सिलिकेट, फॉस्फेट वगैरे क्षार सगळ्या धातूंवर पातळ थर चढवतात आणि लवकर संपतात, म्हणून ते दोनेक वर्षांत बदलतात. नव्या पद्धतीची सेंद्रिय आम्लं गंज जिथे सुरू होईल तिथेच काम करतात, सावकाश खर्च होतात, आणि पाच वर्षं किंवा त्याहून जास्त टिकतात. संपताना मात्र दोन्ही गुपचूप संपतात. ग्लायकॉलचं हळूहळू आम्ल होत जातं, रंग तसाच राहतो.

रंगावर विश्वास ठेवून निवड करणं तर फारच धोक्याचं. रंग हा निव्वळ रंगच, त्याला कोणतंही सर्वमान्य मानक नाही. टोयोटाचं सुपर लाँग लाइफ कूलंट गुलाबी, त्यात फॉस्फेट असतं. फोक्सवॅगनचं मूळ जी-१२ ही गुलाबीच होतं, त्यात फॉस्फेट नव्हतं. या फरकामागचं कारण मला फार आवडतं. युरोपात बऱ्याच ठिकाणी नळाचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं असतं. फॉस्फेट आणि पाण्यातलं कॅल्शियम एकत्र आलं की पांढरी पुटं धरतात, म्हणून तिथल्या कंपन्यांनी फॉस्फेट टाळलं. जपानी कंपन्यांना वॉटर पंपाच्या सीलची काळजी होती, म्हणून त्यांनी सिलिकेट टाळलं आणि फॉस्फेट ठेवलं.

आता हे आपल्याकडे आणून पाहा. रस्त्यावर जपानी आणि कोरियन वळणाच्या गाड्या ढिगाने, आणि मराठवाड्यात काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं जड पाणी. फॉस्फेटवाल्या कूलंटमध्ये हे पाणी ओतणं म्हणजे पुटांचं सामान स्वतःच्या हाताने पुरवणं. गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर जमतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत. घरच्या आरओचं पाणीही मी घालत नाही. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी थोडे क्षार परत मिसळलेले असतात. डिस्टिल्ड पाण्याचा कॅन पेट्रोल पंपावर, बॅटरीच्या दुकानात मिळतो. फक्त बॅटरीचं ॲसिड उचलून आणू नका.

म्हणून दुकानात रंग सांगू नका, गाडीचं मॅन्युअल दाखवा. त्यात कंपनीने दिलेला विनिर्देश (स्पेसिफिकेशन) असतो. बाटलीवर तोच लिहिलेला हवा. आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ असलं मानक छापलेलं असेल तर बरं, पण तेवढ्याने जात जुळतेच असं नाही. दोन जाती मिसळल्या की दर वेळी जेली होते असं नाही, आयुष्य मात्र हमखास घटतं. विजेवरच्या काही गाड्यांना वीज अगदी कमी वाहून नेणारं वेगळं कूलंट लागतं. तिथे प्रयोग नकोतच.

बदलताना इंजिन पूर्ण गार हवं. गरम असताना झाकण उघडलं की दाब एकदम उतरतो आणि १०० अंशांच्या वरचं पाणी जागच्या जागी उकळून तोंडावर येतं. हीटर पूर्ण गरमवर ठेवून खालची तोटी उघडायची, डिस्टिल्ड पाण्याने धुवून परत सोडायचं. इथे एक हिशेब गॅरेजमध्येही चुकतो. समजा गाडीत एकूण ६ लिटर मावतं आणि तोटीतून साडेतीनच बाहेर येतं. धुतल्यावर ब्लॉकमध्ये अडीच लिटर साधं पाणी उरतंच. वर निम्म्या-निम्म्याचं तयार कूलंट साडेतीन लिटर भरलं, तर ग्लायकॉल जेमतेम २९ टक्के होतं. त्याऐवजी ३ लिटर कॉन्सन्ट्रेट (पाणी न मिसळलेलं कूलंट) आणि अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी घातलं की बरोबर निम्मं-निम्मं जमतं. मी आता हे गणित कागदावर लिहूनच गॅरेजला जातो.

निघालेलं कूलंट अंगणात किंवा गटारात ओतू नका. ते चवीला गोडसर असतं, कुत्री-मांजरं चाटतात. शरीरात गेल्यावर त्याचं ऑक्झॅलिक आम्ल होतं आणि मूत्रपिंडात त्याचे स्फटिक साचतात. मांजराला चमचा-दोन चमचे पुरतात. लहान मुलांच्या हाताला तर बाटली लागूच देऊ नये.

भरल्यावर इंजिन थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत चालू ठेवा, बुडबुडे निघून जाऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी थोडी उतरलेली दिसेल. आतली हवा निघाल्याची ती खूण. तेवढं त्याच मिश्रणाने भरा. आठवड्याने पुन्हा उतरली, आणि नंतरही उतरत राहिली, तर टॉप-अप करत बसू नका. होज पाइपचे जोड, वॉटर पंपाखालचा ओलावा, सायलेन्सरमधला गोडसर वासाचा पांढरा धूर, या क्रमाने गळती शोधायला घ्या.