रामूअण्णांच्या सायकलीपासून

बेळगाव सायकलीवरून पाहायचे म्हटले, तर सकाळी सहाला निघावे. किल्ला, जुन्या गल्ल्या, कपिलेश्वर, शहापूर आणि टिळकवाडी एवढा फेरा रमतगमत केला तरी दुपारच्या जेवणाला घर गाठता येते. जुने गाव सायकलीच्याच टप्प्यातले आहे. शिवाय सायकल इथे फार लवकर आली.

१८८८ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात सायकलींचे दुकान काढले. ते स्वतः मुंबईला व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत. तिथून ते सायकली पाठवायचे आणि त्यांचे थोरले बंधू रामूअण्णा त्या इथे विकायचे. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये, आणि चालवायला शिकवण्याचे वेगळे पंधरा! त्या काळी हजार रुपयांत काय काय आले असते, याचा विचार केला की सायकल ही केवढी चैन होती ते कळते. पुढे हे बंधू कडबा कापायच्या यंत्राकडे आणि लोखंडी नांगराकडे वळले. नव्या वसाहतीसाठी जागा हवी म्हणून नगरपालिकेने कारखाना हलवायला सांगितला, तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळची माळरानाची जमीन दिली आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. महाराष्ट्राला किर्लोस्करवाडी माहीत असते. तिची सुरुवात बेळगावच्या सायकल दुकानात आहे, हे मात्र इथल्या पोरांनाही सांगावे लागते, याचे मला वाईट वाटते.

फेऱ्यात सर्वांत जास्त वेळ किल्ल्याला द्यावा. सौंदत्तीच्या रट्टांनी आपली राजधानी वेणुग्रामला, म्हणजे इथे आणली. राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज याने १२०४ साली किल्ल्यात नेमिनाथाचे मंदिर बांधले. तीच आपली कमल बस्ती. आत शिरल्यावर मान वर करायची. छतातून उमललेले दगडी कमळ खाली झुकलेले दिसते. त्या काळातले इथले दोन शिलालेख, जुन्या कन्नडमधले, आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. बस्तीपासून थोड्याच अंतरावर साफा मशीद आहे, आदिलशाही सरदार असदखानाच्या काळातली. बहमनी वजीर महमूद गवानाने १४७३ साली किल्ला घेतला आणि १८१८ मध्ये तो इंग्रजांच्या हाती गेला. खंदकाच्या कडेने सावकाश सायकल मारताना हा सगळा काळ एकाच तटाला बिलगलेला दिसतो. मोटारीतून तो दिसत नाही.

गावात शिरल्यावर रिसालदार गल्लीत थांबावे. १८९२ च्या ऑक्टोबरात स्वामी विवेकानंद कोल्हापूरहून आले, तेव्हा वकील सदाशिवराव भाटे यांच्याकडे उतरले होते. तिथून ते इथले वनाधिकारी हरिपद मित्र यांच्या घरी गेले.

कपिलेश्वराला, आमच्या दक्षिण काशीला, हात जोडून पुढे गेले की शहापूर. आज बेळगाव कुठे संपते आणि शहापूर कुठे सुरू होते ते कळत नाही, पण शहापूर सांगली संस्थानात होते. म्हणजे चार पायडल मारले की इंग्रजांचा मुलूख सोडून पटवर्धनांच्या मुलखात! शहापूर-वडगावच्या विणकरांची साडी या भागातल्या कित्येक घरांच्या कपाटात अजून जपलेली असते.

मग टिळकवाडी. लोकमान्यांनी १९१६ च्या एप्रिलमध्ये होमरूल लीग काढली ती बेळगावातच. डिसेंबर १९२४ मध्ये काँग्रेसचे ३९ वे अधिवेशन इथे भरले. गांधीजी अध्यक्ष झालेले हे एकमेव अधिवेशन. त्याची जुळवाजुळव गंगाधरराव देशपांड्यांनी केली. अधिवेशनाच्या छावणीचे नाव विजयनगर होते. एवढ्या माणसांना पाणी पुरावे म्हणून विहीर खोदली आणि तिला पंपा सरोवर म्हटले. आपण तिला काँग्रेस विहीर म्हणतो. पहिल्या रेल्वे गेटाजवळ ती अजून आहे. सायकल कडेला लावून कठड्याशी जावे आणि आत वाकून पाहावे.