टाकी रुंद होती

३० सप्टेंबर १९९९. जपानच्या तोकाइमुरा गावातल्या अणुइंधन कारखान्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास दोन कामगार युरेनियमचं द्रावण टाकीत ओतत होते. एकानं नरसाळं धरलं होतं, दुसरा स्टीलच्या बादलीतून ओतत होता. सातवी बादली ओतताना टाकीतून निळा प्रकाश चमकला आणि गॅमा किरणांचा भोंगा वाजू लागला.

तिथे अणुभट्टी नव्हती. स्फोटही झाला नाही. मग झालं काय?

युरेनियम-२३५चा अणुगर्भ न्यूट्रॉन लागून फुटतो आणि त्यातून सरासरी दोन-अडीच नवे न्यूट्रॉन निघतात. ते दुसऱ्या अणुगर्भांना लागले तर साखळी चालू राहते, द्रावणाबाहेर निसटले तर तुटते. म्हणून अशी द्रावणं उंच, अरुंद नळकांड्यांत ठेवतात. तिथे न्यूट्रॉनना बाहेर पडायला वाट जवळ असते. तोकाइमुरात असं भांडं होतं. पण काम लवकर उरकावं म्हणून द्रावण रुंद टाकीत ओतलं गेलं. मर्यादा २.४ किलो युरेनियमची, टाकीत गेलं सुमारे १६ किलो. शिवाय टाकीभोवती थंड पाण्याचं आवरण होतं, ते निसटणारे न्यूट्रॉन परत आत पाठवत होतं.

आकाराचा हा खेळ किती नाजूक असतो ते १९५८ साली अमेरिकेत लॉस अलामॉसला दिसलं होतं. तिथे कोणी काही ओतलंही नाही. टाकीत वर तरंगणाऱ्या थरात प्लुटोनियम होतं. ढवळणी सुरू होताच तो थर मधोमध जाड झाला आणि तेवढ्यानं साखळी पेटली. तिथला कर्मचारी ३५ तासांत गेला.

तोकाइमुरात साखळी चालू होती त्या सगळ्या वेळात फुटलेलं युरेनियम भरतं जेमतेम एक मिलिग्रॅम. पण किरणांनी पेशींमधली गुणसूत्रंच तोडली. नव्या पेशी तयार होणं थांबलं, आणि ज्या अवयवांना त्या रोज लागतात ते, म्हणजे रक्त, आतडी, त्वचा, एकामागोमाग कोलमडले. एक कामगार ८३ दिवस झुंजला, दुसरा सुमारे सात महिने. त्यांना क्रांतिकतेचं, म्हणजे साखळी कधी पेटते याचं, पुरेसं शिक्षणच दिलेलं नव्हतं. मला या अपघातात सगळ्यात जास्त सलतं ते हेच. २००३ साली न्यायालयानं कंपनीच्या सहा जणांना दोषी ठरवलं.

साखळी मात्र त्या दिवशी थांबली नव्हती. द्रावण तापलं की ती मंदावे, निवलं की पुन्हा जोर धरे. रात्री कर्मचारी जोडीजोडीनं, काही मिनिटांपुरते, टाकीच्या दिशेनं गेले आणि आवरणातलं पाणी काढायला लागले. पाणी उतरलं, न्यूट्रॉनना वाट मिळाली आणि सुमारे वीस तासांनी साखळी तुटली. मग ती पुन्हा पेटू नये म्हणून टाकीत न्यूट्रॉन शोषून घेणारं बोरिक आम्ल ओतलं गेलं.