टॉपलिंकची करामत

उन्हाळ्यात मंगळवेढ्याच्या काळ्या रानात नांगरट चालू असेल, तर ट्रॅक्टर मागून बघावा. कंपनी कोणतीही असो, नांगर तीन दांड्यांवर टांगलेला दिसतो: खाली दोन, वर एक. वरच्या दांडीला टॉपलिंक म्हणतात. ही जोडणी उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसनची.

१९१७ पासून निघालेल्या फोर्डसन ट्रॅक्टरच्या मागे नांगर नुसता ओढला जायचा. फाळ दगडाला अडला की नांगर जागच्या जागी आणि मागची चाकं मात्र जोरात. मग ट्रॅक्टरचं तोंड वर उचलायचं आणि कधी कधी तो चालकाच्या अंगावर उलटायचा.

फर्ग्युसनने मातीच्या ओढीलाच कामाला लावलं. माती फाळाला मागे खेचते, तेव्हा नांगराचा माथा पुढे झुकून टॉपलिंक रेटतो. त्या रेट्याने स्प्रिंग दबते, हायड्रोलिक पंपाची झडप हलते आणि नांगर बोटभर वर येतो. माती मऊ लागली की पुन्हा खाली. नांगराचा भार मागच्या चाकांवर पडत असल्याने हलका ट्रॅक्टरही घसरत नाही. आपल्या रानात नांगराच्या एकाच ओळीत कुठे भुसभुशीत, कुठे दगडासारखं ढेकूळ. तिथे ही सोय किती मोलाची, हे नांगरट करणाऱ्यालाच विचारा.

ही जोडणी लाखोंच्या संख्येने बाहेर पडली ती इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या बॅनर लेन कारखान्यातून. युद्धकाळात तिथे विमानांची इंजिनं बनत. १९४६ ते १९५६ या काळात स्टँडर्ड मोटर कंपनीने तिथे फर्ग्युसनचे राखाडी टीई-२० ट्रॅक्टर बनवले, पाच लाखांहून जास्त. त्यांच्या पाटीवरची अक्षरं वाचण्यात मला भारी मजा वाटते. नुसतं टीई म्हणजे अमेरिकेहून आणलेलं काँटिनेंटल इंजिन, कारण स्टँडर्डचं स्वतःचं अजून तयार नव्हतं. ते आलं आणि पाटीवर टीईए उमटलं. टीईडी पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलच्या जातीच्या स्वस्त इंधनावर चालवायचा. डिझेलवरचा टीईएफ आला १९५१ मध्ये.

टीई-२० नंतर एफई-३५ आला आणि त्याचाच पुढे मॅसी फर्ग्युसन ३५ झाला. त्याच घराण्यातला १०३५ चेन्नईच्या टाफे कंपनीने भारतात बनवला. रानात तो दिसला, तर सीटखालून मागे येणारी टॉपलिंक तेवढी बघा. तिच्या टोकाशी, तेलाने माखलेली, तीच स्प्रिंग आहे.