शहापूरच्या एका शिंप्याचा माग : पार्श्वभूमी

सध्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं जो तो वंशावळ काढायच्या मागं लागलाय. एक तर २०२३ ला महाराष्ट्रात जुन्या कुणबी नोंदी शोधायची मोहीम निघाली, त्यात मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला, आणि इकडच्या लोकांच्या पण डोक्यात किडा वळवळला की आपल्या पणज्याचं काय लिहिलंय बघू तरी. दुसरं कारण वाटण्या. पेठेतलं नाहीतर शहापुरातलं जुनं घर विकायचं ठरलं की वारसा लावावा लागतो, आणि वारसा लावायला गेलं की कळतं, एका ताटात जेवलेली माणसं कागदावर एकमेकांची कुणीच लागत नाहीत. आमच्यात हे दुसरं कारण. त्यातूनच ही सगळी शोधाशोध सुरू झाली, हौस म्हणून नव्हे.

आम्ही ज्याला मूळपुरुष धरतो तो शहापूरचा शिंपी. शहापूर म्हणजे आजचं, बेळगावात मिसळून गेलेलं नव्हे. तेव्हा रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं. इकडं बेळगावात १८१८ ला किल्ला पडल्यापासून इंग्रज, पुढं कॅम्प, म्हणजे लष्कराची छावणी वसली, १८३६ ला धारवाडातून काढून वेगळा जिल्हा झाला. आणि शहापूर सांगली संस्थानात. शहापूर विणकरांचं, सराफांचं, रंगाऱ्यांचं. कॅम्पात पलटणी, त्यांना कपडे शिवायला, उसवलेलं नीट करायला माणूस लागायचाच. तर आमचा मूळपुरुष दिवसभर इंग्रजांच्या हद्दीत सुई चालवायचा आणि रात्री संस्थानात येऊन झोपायचा. त्यामुळं कागद पण दोन ठिकाणी. कॅम्पाकडच्या देण्याघेण्याचे इंग्रजी मुलखात, घराचे संस्थानच्या दफ्तरात. शोधायला बसलेला माणूस बहुतेक एकाच ठिकाणी बघतो आणि काय नाही म्हणून परत येतो.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पाटील, कुलकर्णी, जोशी ह्यांच्या घराण्यांचं सापडतं कारण त्यांना वतन होतं. १८५२ नंतर इनामांची चौकशी झाली तेव्हा ह्या लोकांनी आपल्या पिढ्या स्वतःच लिहून दिल्या, जमीन राखायची होती ना. शिंप्याला काय राखायचं होतं? बारा बलुत्यांत तो बसत नाही, फार तर अलुत्यांत कुठंतरी धरतात. वतन नाही म्हणजे तंटा नाही, तंटा नाही म्हणजे कागद नाही. धंदेवाल्याचं नाव सरकारात यायचं ते पट्टीपुरतं, म्हणजे करापुरतं. मोहतर्फा म्हणून धंद्यावर, दुकानावर, मागावर एक पट्टी असायची, इंग्रजी मुलखात ती १८४० च्या दशकात गेली, आणि तिच्याबरोबर ती यादी पण गेली. हेळवी येतात, बैल घेऊन, पिढ्या म्हणून दाखवतात, धान्य घेऊन जातात, पण ते शेतकऱ्यांच्या दारात. पेठेतल्या आमच्या दारात हेळवी कधी आलेला आज्जीला पण आठवत नव्हता.

मोडीतलं जे आहे ते वाचायला येणं वेगळं आणि समजणं वेगळं. अमुक बिन तमुक, अमुक वलद तमुक, दोन्हीचा अर्थ तमुकचा मुलगा. कोम म्हणजे बायको. हे कळलं की निम्मं काम झालं. उरलेलं निम्मं सालाचं. इसवी सन काढायला शकाला ७८ मिळवायचे, फसलीला (म्हणजे महसुली सालाला) ५९०, जुन्या मराठी दफ्तरातला सुहूर सन असला तर ५९९ (वर्ष मृगाला बदलतं त्यामुळं एखादं वर्ष इकडं तिकडं). सुहूर सनात तर आकडाच अक्षरात, इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा, खमस असा. आमच्या एका चुलतभावानं घराच्या गहाणाच्या कागदावरचं १२८७ हे शके धरलं आणि मूळपुरुषाला १३६५ मध्ये, बहामनी काळात नेऊन बसवलं, गणपतीत सगळ्या पाहुण्यांना तसं सांगितलं पण. ते फसली होतं. म्हणजे १८७७-७८, भर दुष्काळातलं. मग गहाण कशाला टाकलं होतं ते आपोआप कळलं.

त्याच्या पुढचं भरभर सांगतो, कारण ते सगळ्याच घरांचं सारखं आहे. १८८० च्या दशकात रेल्वे आली. शिलाई मशीन आलं, घरात त्याला शिंगरच म्हणायचे, मग ते कुठल्या का कंपनीचं असेना. प्लेगात लोक गाव सोडून रानात झोपड्या टाकून राहिले, घरोघरी एकदोन माणसं गेली, आमच्यातली पण. १९२४ ला बेळगावला राष्ट्रसभेचं अधिवेशन झालं, गांधी अध्यक्ष होते, तेव्हा खादीच्या टोप्या शिवून शिवून पणज्याची बोटं सुजलेली ही गोष्ट आमच्या प्रत्येक लग्नात एकदा तरी निघते.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे "शिंपी" ह्या शब्दावर. सगळा घोळ तिथं आहे.

जुन्या कागदात मूळपुरुषाच्या नावापुढं शिंपी लिहिलंय. ते काय आहे? धंदा, जात का आडनाव? आज आपण तीन वेगळे रकाने करतो, लिहिणाऱ्या कारकुनाला असले रकाने नव्हतेच, त्याला फक्त एवढंच हवं होतं की त्याच नावाच्या सुतारापासून हा माणूस वेगळा ओळखता यावा. त्याच पेठेत कपडे शिवणारे मुसलमान होते, त्यांना कुणी दर्जी लिहिलंय तर कुणी सरळ शिंपी. कापड रंगवणारा रंगारी, पण रंगाऱ्याचा मुलगा शिवायला लागला तर तो रंगारीच राहतो का शिंपी होतो? एका कागदात एक, दुसऱ्यात दुसरं. शिंप्यांत पण पोटभेद आहेत, नामदेव शिंपी वेगळे, भावसार वेगळे, सोयरीक एकमेकांत व्हायची नाही. पण कागदावर सगळे एकाच शब्दाखाली. म्हणून नुसत्या शिंपी शब्दावरून आपलं घराणं जोडत जाणारे लोक बघितले की भीती वाटते, त्यात दुसऱ्याचे आज्जे पण येतात.

नावांचा ताप त्यात वेगळा. आज्जाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत, त्यामुळं एक पिढी सोडून तेच नाव, त्याच बापाच्या नावासकट. आणि एकच माणूस घरात विठू, देवळात विठोबा, कानडी शेजाऱ्याच्या तोंडात विठ्ठलप्पा. आम्ही तीन भाऊ धरलेली माणसं शेवटी एकच निघाली.

मूळपुरुषाच्या तीन नातवांपासून तीन फांद्या झाल्या. थोरली शहापुरातच राहिली. मधली निपाणीला गेली, तिथं तंबाखूमुळं बाजार गरम होता आणि बाजार गरम असला की कपडे शिवायला येतात. धाकटी चंदगडकडं. तोवर तिघांचं पण शिंपीच. मग शाळा आल्या, आणि शाळेत आडनाव लागतं.

निपाणीच्या शाळेत एकाच वर्गात शिंपी नावाची चार पोरं झाली म्हणून मास्तरांनी आमच्या आज्जाचं नाव शहापूरकर लावलं. गाव सोडल्यावर गावाचं नाव लागतं ही आपल्याकडची रीतच आहे, त्यात विशेष काय नाही. थोरल्या फांदीचं मात्र आजतागायत म्हणणं असं की मास्तरांनी काय लावलं नाही, निपाणीवाल्यांना धंद्याची लाज वाटत होती, म्हणून शब्द टाकला. ह्यावर दोनदा भांडणं झालीत, एकदा तर बाराव्याच्या पानावर. मी मधल्या फांदीचा, त्यामुळं माझं ऐकून घेताना तेवढं लक्षात ठेवा, पण दुकानाच्या पाटीवर पुढं तीस वर्षं "शहापूरकर, शिंपी" असंच होतं. लाज वाटणारा माणूस रस्त्यावर पाटी लावतो काय? धाकट्यांनी वेगळंच केलं. ते पंढरपूरला गेले तेव्हा उपाध्यायांच्या वहीत जुन्या कुळाचं म्हणून एक आडनाव निघालं, ते त्यांनी उचललं. आता तो वहीतला माणूस आपलाच कशावरून, हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं तर राग येतो.

थोरली फांदी म्हणते आम्ही शब्द राखला. राखला खरा, पण तो पण जसाच्या तसा राहिला नाही.

१९४८ ला संस्थान विलीन झालं, शहापूर बेळगाव जिल्ह्यात आलं. आठ वर्षांनी, १ नोव्हेंबर १९५६ ला, अख्खा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तेवढं बाजूला काढून कोल्हापूरला जोडलं. त्यावर काय काय झालं, ते वाचणाऱ्यांना सांगायची गरज नाही. घराण्याच्या बाजूनं बघायचं तर एका रात्रीत धाकटी फांदी एका राज्यात आणि बाकी दोन दुसऱ्या. धाकट्यांचे १९५६ पर्यंतचे कागद बेळगाव जिल्ह्याचे, पुढचे कोल्हापूर जिल्ह्याचे, म्हणजे बापाचा जन्म एकीकडं आणि मृत्यू दुसरीकडं, माणूस घर सोडून हललेला नाही तरी. १९६७ ला सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल आला, २६४ गावं महाराष्ट्राला, २४७ इकडं म्हैसूरला, बेळगाव आहे तिथंच. ते पण अमलात आलं नाही. २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे.

ह्या काळात कागदाची भाषा बदलली. १९६३ ला कानडी राजभाषेचा कायदा, १९८१ ला स्थानिक संस्थांसाठी वेगळा. लगेच दुसऱ्या दिवशी सगळं कानडीत झालं असं नाही, ते हळूहळू होत गेलं, एका टेबलावर मराठी तर शेजारच्यावर कानडी. लिपीचा दोष काढायचा नाही मला, कानडी लिपीत शिंपी अगदी नीट लिहिता येतं. पण कानडीत शिवणाऱ्याला सिंपिग, सिंपिगेर म्हणतात. कारकुनाच्या कानाला जे ओळखीचं ते त्यानं लिहिलं. शिंपीचं सिंपी झालं. एका भावाचं सिंपी, दुसऱ्याचं शिंपीच, तिसऱ्याच्या उताऱ्यावर सिंपिगेर. हे मुद्दाम झालं असं म्हणणारे आमच्यात आहेत. मला तसं वाटत नाही, पण दुरुस्त करा म्हणून अर्ज दिला तर तो वर्षानुवर्षं पडून का राहतो, ह्याचं उत्तर कानाच्या सवयीत मिळत नाही. जिथं भाषिक अल्पसंख्य १५ टक्क्यांच्या वर आहेत तिथं त्यांच्या भाषेत कागद द्यायचा हे देशपातळीवर ठरून जमाना झाला, बेळगावात ती मागणी अजून मोर्च्यातच आहे.

पुढं २००० च्या आसपास शेताचे उतारे कॉम्प्युटरवर गेले आणि जे हाताने चुकीचं लिहिलेलं होतं ते आता छापून यायला लागलं. हाताचं खोडता यायचं. शहरात आता ई-खाता, म्हणजे घराचा कॉम्प्युटरवरचा खातेउतारा, त्याला आधार जोडायचं, आधारवर इंग्रजी स्पेलिंग, ते बनवणाऱ्या पोरानं एसच्या पुढं एच घातला की नाही त्यावर सगळं अवलंबून. थोरल्या फांदीतल्या एका काकांची आधार, पॅन आणि सीटीएस (सिटी सर्व्हेचा) उतारा ह्यावर तीन वेगळी आडनावं आहेत. तिन्ही एकाच शब्दाची.

आणि ह्यात सगळ्यात मजा झाली ती धाकट्यांची. महाराष्ट्रात ओबीसीचा दाखला काढायचा, व्हॅलिडिटी (जात पडताळणी) करायची, तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा जातीचा पुरावा लागतो. त्यांच्या शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात नुसतं "हिंदू" आणि आडनाव ते पंढरपूरच्या वहीतलं, त्यावरून काय सिद्ध होत नाही. मग त्यांना आठवण झाली शहापूरची. मूळपुरुषाच्या नातवंडांपैकी कुणाची तरी संस्थानी शाळेतली नोंद, त्यात शिंपी शब्द, ती मिळाली तर काम होतं. ज्या शब्दावरून बाराव्याला ताट सरकवून उठले होते, त्याच शब्दासाठी दोन वर्षं झाली शहापूरला खेपा घालायलेत, येताना थोरल्या काकूसाठी काजू घेऊन येतात. आणि काकू पण बिलंदर, म्हणतात, "आता कसं गोड लागाय लागलं रे शिंपी म्हणून घ्यायला."

नोंद सापडली. दोन ओळींची आहे, बापाच्या नावापुढं शिंपी, धंद्याच्या रकान्यात पण शिंपी. पण पोराचं नाव आणि धाकट्यांच्या आज्जाचं नाव एक आहे हे दाखवायला अॅफिडेव्हिट लागलं, शहापूरची थोरली फांदी साक्षीदार, तिची सही आधारप्रमाणे सिंपी. वकिलांनी ते बघून विचारलं की साक्षीदार नात्यातला म्हणता तर ह्याचं आडनाव वेगळं कसं. म्हणून त्या साक्षीदाराचं अजून एक अॅफिडेव्हिट, शिंपी आणि सिंपी हे एकच म्हणून. ते बेळगावात टाईप झालं, कानडीत. आता त्याचं मराठी भाषांतर करून घ्यायचं चाललंय.