एव्हबरी: शिळावर्तुळाच्या पोटातला पब

आपल्याकडे पब म्हटले की शहरातले झगमगते दिवे आणि कानठळ्या बसवणारे संगीत आठवते. इंग्लंडच्या खेड्यातला पब वेगळा. म्हाताऱ्यांनी दुपारी टेकायचे, रविवारी घरच्यांना घेऊन जेवायला जायचे, गावातल्या बातम्या ऐकायच्या, अशी ती गावाची ओसरीच. विल्टशरमधल्या एव्हबरी गावातला ‘रेड लायन’ असाच आहे. गवताने शाकारलेले छप्पर, लाकडी सांगाड्याच्या काळ्यापांढऱ्या भिंती. फक्त तो जगातल्या सर्वांत मोठ्या शिळावर्तुळाच्या आत उभा आहे.

हे वर्तुळ साडेचार हजार वर्षांहून जुने. व्यास सुमारे ३३० मीटर, बाहेरच्या कड्यात मुळात शंभरेक शिळा, भोवती खंदक आणि मातीचा बांध. हा खंदक नऊ मीटरपर्यंत खोल होता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे उत्खनन झाले तेव्हा हरणाच्या शिंगांची कुदळी सापडली. धातूच्या हत्याराशिवाय इतकी खडू-माती उपसली गेली होती! शिळा आहेत सार्सन नावाच्या अतिकठीण वालुकाश्माच्या, जवळच्याच टेकड्यांवरून आणलेल्या. स्टोनहेंज या इंग्लंडमधल्याच प्रसिद्ध शिळास्मारकासारख्या त्या तासलेल्या नाहीत, जशा मिळाल्या तशाच रोवल्या.

नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळे पाहिलेल्यांनी एक फरक लक्षात ठेवावा. ती लोहयुगातली दफनांची छोटी वर्तुळे आहेत. एव्हबरीच्या एका वर्तुळात मात्र गावाचा चांगला मोठा भाग मावतो.

आणि गाव मावले, तिथेच शिळांची पंचाईत झाली. मध्ययुगात गावकऱ्यांनी अनेक शिळा पाडून पुरल्या. १९३८ मध्ये अशाच एका शिळेखाली माणसाचा सांगाडा निघाला. सोबत लोखंडी कात्री, एक टोकदार अवजार आणि १३२०च्या सुमाराची नाणी. तो फिरता न्हावी-वैद्य असावा, शिळा पाडताना दबला असावा, असा तर्क झाला. पुढच्या तपासणीत मात्र तो आधीच मेलेला असावा असे दिसले. सांगाडा महायुद्धाच्या बॉम्बफेकीत गेला असे अनेक वर्षे मानत होते, पण तो लंडनच्या संग्रहालयात सुखरूप निघाला. ती कात्री मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत जवळची वस्तू वाटते.

पुरण्यापेक्षा फोडणे जास्त घातक ठरले. पुराणवस्तूंचा अभ्यासक जॉन ऑब्री १६४९च्या जानेवारीत शिकारीच्या निमित्ताने इथे आला आणि थक्क झाला. पुढे त्याने दुसऱ्या चार्ल्स राजालाही ही जागा दाखवली. पण त्या शतकाच्या अखेरीस गावकऱ्यांना युक्ती सापडली होती. शिळेखाली खड्डा करून गवत पेटवायचे, ती तापली की गार पाण्याची रेघ ओढायची आणि त्या रेघेवर घण घालायचा. १७१९ ते १७२४ या काळात इथे वारंवार येऊन विल्यम स्टुकली या दुसऱ्या अभ्यासकाने हे सगळे नोंदवले, जळत्या शिळेचे चित्रही काढले. त्याच्या टिपणानुसार ही रीत प्रथम वापरली ती गावातल्या सराईच्या दारातल्या शिळेवर, आणि त्या एका शिळेतून सराईच्या जेवणघराची बाजू उभी राहिली.

ती सराई म्हणजे रेड लायन नव्हे. रेड लायनची इमारत सतराव्या शतकातली, पण ते तेव्हा राहते घर होते. घोडागाड्यांच्या प्रवाशांसाठी तिथे सराई सुरू झाली ती १८०२ मध्ये. आत आजही एक जुनी विहीर आहे. तिच्या तोंडावर काच बसवून टेबल केले आहे, त्यामुळे ग्लास ठेवताना नजर थेट काळोखात जाते. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवी युद्धातून परतलेल्या नवऱ्याने फ्लोरी नावाच्या बायकोला याच विहिरीत टाकले आणि तिचे भूत अजून फिरते, असे सांगतात. ही दंतकथाच.

शिळा वाचल्या त्या दोन माणसांमुळे. १८७०च्या दशकाच्या सुरुवातीला इथे घरांसाठी भूखंड पडणार होते. तेव्हा बँकर आणि खासदार जॉन लबकने जमीनच विकत घेतली. १८८२चा प्राचीन स्मारकांचा कायदा त्याच्याच खटपटीचा. १८७१चा बँक हॉलिडेचा कायदाही त्याचाच, म्हणजे सुट्टीच्या सोमवारी या पबबाहेर जमणारी गर्दीही त्याचीच देणगी. दुसरा अलेक्झांडर कीलर, मार्मलेडच्या (संत्र्याच्या मुरंब्याच्या) धंद्यातल्या घराण्याचा वारस. १९३०च्या दशकात त्याने पुरलेल्या शिळा उकरून पुन्हा उभ्या केल्या. पण त्यासाठी वर्तुळातली घरे पाडली गेली, कुटुंबे बाहेर हलली. शिळा उभ्या राहिल्याचा मला आनंद आहे, पण ज्यांची घरे गेली त्यांचाही हा इतिहास आहे, तो कोणी गाळू नये.

पब मात्र राहिला. १९४३ मध्ये कीलरने जागा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेला विकली, १९८६ मध्ये ती जागतिक वारसा ठरली. आज बाहेर पडून वर्तुळाभोवती चालताना मध्येच काँक्रीटचे बुटके खुंट दिसतात. हरवलेल्या शिळांच्या जागा दाखवायला ते कीलरने रोवले. त्या शिळांचे तुकडे मागे वळून पाहिले की गावातल्या घरांच्या भिंतींत दिसतात.