कॅनडाच्या पीआरसाठी पीसीसी: अर्ज कोठे करावा, केव्हा करावा आणि कागदपत्रे कोणती

कॅनडाच्या कायम निवासासाठी, म्हणजे पीआरसाठी, अर्जदाराबरोबर कुटुंबातील 18 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येक व्यक्तीचे पोलिस क्लिअरन्स सर्टिफिकेट, अर्थात पीसीसी, द्यावे लागते. आपल्याकडे या कामात पहिली गफलत होते ती कार्यालय निवडण्यात. नोकरीसाठी किंवा एखाद्या परवान्यासाठी पोलिस आयुक्तालय अथवा जिल्हा पोलिस अधीक्षक कार्यालय जे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र देते, ते येथे उपयोगी नाही. भारतीय पारपत्रधारकाला स्थलांतरासाठी लागणारे पीसीसी परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतील पारपत्र कार्यालयच देते. ते परदेशी वास्तव्य, नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा किंवा स्थलांतर यांसाठीच मिळते, पर्यटनाच्या व्हिसासाठी नाही. गोव्यातील ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे, त्यांना या मार्गाने अर्ज करता येत नाही. परदेशी नागरिक म्हणून त्यांना स्थानिक पोलिस यंत्रणेकडे जावे लागते.

अर्ज पासपोर्ट सेवा संकेतस्थळावर ऑनलाइन भरावा लागतो. शुल्क 500 रुपये आहे. ते भरल्यावर सध्याच्या पत्त्याला लागू असलेल्या केंद्राची अपॉइंटमेंट घ्यावी. 28 सप्टेंबर 2022 पासून टपाल कार्यालयांतील पारपत्र सेवा केंद्रांतही ही सोय असल्याने लहान जिल्ह्यांतील अर्जदारांना मोठ्या शहराच्या खेपा घालाव्या लागत नाहीत. पीसीसी ज्या देशासाठी हवे तो देश अर्जातच लिहावा लागतो, त्यामुळे कॅनडाबरोबर ऑस्ट्रेलियाचाही विचार चालू असेल, तर एकाच प्रमाणपत्रावर भागेल असे समजू नये.

केंद्रावर मूळ पारपत्र, त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वसाक्षांकित प्रती आणि सध्याच्या पत्त्याचा पुरावा न्यावा. आधार, वीजबिल, मतदार ओळखपत्र किंवा नोंदणीकृत भाडेकरार यांपैकी जे दाखवाल, त्यावरील पत्ता आणि अर्जातील पत्ता यांत इमारतीच्या नावाचाही फरक नसलेला बरा, कारण पोलिस पडताळणी त्याच पत्त्यावर होते. पारपत्राची मुदत संपत आली असेल, तर ते आधी नवे करून घ्यावे, कारण प्रमाणपत्रावर पारपत्राचा क्रमांक असतो.

काही प्रकरणांत पूर्वीचा पोलिस अहवाल ग्राह्य धरून पीसीसी लगेच मिळते, एरवी अर्ज संबंधित पोलिस ठाण्याकडे जातो. तेथे मूळ कागद पुन्हा तपासले जातात, आणि कित्येक ठिकाणी शेजाऱ्यांचे जबाब किंवा सोसायटीचे पत्रही मागतात. भाड्याने राहणाऱ्यांनी घरमालकाला आधीच कल्पना द्यावी. न्यायालयात फौजदारी प्रकरण प्रलंबित असेल तर ते अर्जात दडवू नये, कारण पोलिसांच्या अहवालात ते येतेच.

वेळेचे गणित मात्र नीट समजून घ्यायला हवे. एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे कुशल कामगारांना गुणांच्या आधारे पीआरसाठी निवडण्याच्या कॅनडाच्या पद्धतीत, अर्ज करण्याचे निमंत्रण आल्यावर पूर्ण अर्ज सादर करण्यासाठी 60 दिवस मिळतात, आणि सध्या ज्या देशात राहता तेथील पीसीसी अर्ज सादर करण्याच्या तारखेपूर्वी सहा महिन्यांच्या आत दिलेले असावे लागते. म्हणून निमंत्रणाची शाश्वती नसताना फार आधी काढलेले प्रमाणपत्र जुने ठरू शकते, तर निमंत्रणानंतर आठवडाभर स्वस्थ बसणेही परवडत नाही. गुण पुरेसे असतील तर कागदपत्रे तयार ठेवून निमंत्रण येताच अपॉइंटमेंट घेणे हा मला त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग वाटतो.

गेल्या दहा वर्षांत, वयाच्या 18 वर्षांनंतर, सलग सहा महिने किंवा अधिक काळ अन्य देशात राहिला असाल, तर त्या देशाचेही प्रमाणपत्र लागते, आणि ते तेथील वास्तव्य संपल्यानंतर दिलेले असावे लागते. अमेरिकेतून आलेल्यांना ते एफबीआयकडून, तर ब्रिटनमधून आलेल्यांना एसीआरओ या तेथील पोलिसांच्या गुन्हे-नोंद कार्यालयाकडून घ्यावे लागते. दुबई किंवा दोह्याहून परतलेल्यांना भारतीय पारपत्र कार्यालय तेथील प्रमाणपत्र देऊ शकत नाही, म्हणून तो अर्ज सर्वांत आधी सुरू करावा. उलट, सध्या परदेशात असलेल्या भारतीय नागरिकाला भारताचे पीसीसी तेथील भारतीय दूतावास किंवा वाणिज्य दूतावासामार्फत मिळते, त्यासाठी गावी येण्याची गरज नसते.